कौतिकबाईचा घास

साहेब, तुम्ही खोटं बोललात! खुर्चीवर बसून, पंख्याखाली, चहाचे घोट घेत घेत खोटं बोललात!

नाव घेत नाही. घेतलं तर उद्या या मंडपाची परवानगी जाईल, आणि त्यात मंडपवाल्या बिचाऱ्याचा काय दोष? पण ज्याला कळायचं त्याला कळलंय. तुमच्या टेबलापुढं एक पोरगी हात जोडून उभी होती. म्हणत होती, "साहेब, माझ्या आजारी आईचा व्हिडिओ फिरतोय. तेवढा बंद करायला लावा." आणि तुम्ही काय म्हणालात? — "मॅडम, तुम्ही आता पब्लिकच्या झालात. पब्लिक बघणारच! दार लावून बसायचं होतं तर गाणी कशाला म्हटलीत?"

पब्लिकच्या झालात! अहो साहेब, सार्वजनिक संडासालासुद्धा आतून कडी असते! माणसाला नसावी?

हसा, हसा. पेटीवाले, तुम्हीही हसा, पण सूर सोडू नका — हां!

तर मंडळी, आज निरूपणाला एकच सवाल घेतलाय. ज्याच्याकडं सगळा मुलूख डोळे लावून बसलाय, त्याला घटकाभर डोळ्याआड व्हायचा हक्क आहे की नाही? मला विचारू नका. मी काय, बिदागीवर बोलणारा माणूस. याचं उत्तर एका म्हातारीनं दिलं, तेही तोंड वाकडं झालेलं असताना. तिचीच कथा सांगतो. बोला — विठ्ठल, विठ्ठल!

मंडळी, ऐका. खानदेशात पांझरेच्या काठाला नांदवण नावाचं गाव. त्या गावात कौतिकबाई बोरसे. नाव बघा काय गोड! कौतिक म्हणजे कौतुक. आणि आयुष्यभर कुणी कौतुकाचा शब्द टाकला नाही त्या बाईवर! नवरा लवकर गेला. पदरात एक पोरगी, हर्षला. कापूस वेचता वेचता कौतिकबाई हळदीची गाणी म्हणायची, मागं मागं पोरगी म्हणायची. झाली पोरीची शाळा!

आणि जेवायची कशी, माहितीये? सगळ्यांचं झालं की चुलीपाशी, भिंतीकडं तोंड करून. जुन्या बायका अशाच जेवायच्या. इथं माझ्यासमोर बसल्यात त्यातल्या कितीतरी. कौतिकबाईला घास घेताना पोटच्या पोरीनंसुद्धा समोरून कधी पाहिलेलं नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा बरं का. सगळी कथा या घासावर उभी आहे.

पोरगी मोठी झाली, गायला लागली. एका गाण्याचा व्हिडिओ निघाला — बांगड्यांचं गाणं. आणि असं चाललं, असं चाललं, की विचारता सोय नाही! लग्नात तेच, वरातीत तेच, ट्रॅक्टरवर तेच! नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायला लागले. तुमच्या गावात नाही वाजलं? वाजलं! परवाच्या लग्नात हे आपले टाळकरी नाचताना मी पाहिलेत. खाली कशाला बघता, महाराज?

हर्षला झाली 'खानदेशची मैना'. धुळ्यात बंगला, दारात गाडी, गळ्यात हार, मागंपुढं माणसं. आणि खरं सांगतो मंडळी, तिला ते आवडलं! का आवडू नये? कापसाच्या बोंडांनी बोटं फाटलेली पोर ती. एकदा एका मोठ्या देवळात गेली. बाहेर ही लांब रांग — म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, उन्हात उभ्या. पुढारी म्हणाले, "मॅडम, इकडून या. आपल्याला रांग नाही." बाजूच्या दारानं थेट गाभाऱ्यात! रांग तेवढा वेळ रोखून धरली. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, तुझा देव निराळा का आमचा निराळा?"

हर्षलानं ऐकलं. कानाला झोंबलं. पण पायाखाली गार फरशी होती ना! पाय पुढं गेले.

आता कुणी म्हणेल — बुवा, मग भोगू द्या की! रांग मोडून पुढं गेली, आता तिच्या दाराशी रांग लागली! बरोबर. लागलीच रांग. फाटकाशी माणसं, कुंपणावर माणसं, समोरच्याच्या गच्चीवर माणसं. ती कपडे वाळत घाली — फोटो. शिंकली — व्हिडिओ! "मैना शिंकली, बघा कशी!" आणि बघणारे लाखांनी! काय बघितलं हो? शिंक! तुमच्या घरात कुणी शिंकत नाही?

तेही तिनं सोसलं. आपणच मागून घेतलंय, म्हणाली.

पण मग आईला लकवा मारला.

उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. हर्षलानं आईला धुळ्याला आणलं. स्वतः भरवायची. खिडकीशी उजेडात आईला बसवायची, मऊ खिचडी कालवायची, चमचा ओठाला लावायची. निम्मी आत जायची, निम्मी ओघळायची. कौतिकबाईचा डोळा भरून यायचा. जन्मभर भिंतीकडं तोंड करून जेवलेली बाई ती! "राहू दे माय, मीच आहे ना," हर्षला म्हणायची आणि पदरानं तिची हनुवटी पुसायची.

आणि समोरच्या गच्चीवरून एकानं तेच टिपलं!

ओघळती खिचडी, वाकडं तोंड, पुसणारी लेक. बरं, नुसतं टिपून थांबला? त्याखाली गाणं लावलं — तेच, बांगड्यांचं! हर्षलाचाच आवाज! वर हसरी तोंडं चिकटवली आणि दिलं सोडून. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं. ज्या आईनं गाणं शिकवलं, तिचीच टिंगल त्या गाण्यावर!

कुणा शहाण्यानं कौतिकबाईलाच दाखवलं. "आजी, तुम्हीपण फेमस झाल्या!"

त्या माउलीनं पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. आणि मंडळी, त्या जेवणापासून तोंड मिटलं तिनं.

हर्षलानं खिडकी लावली. जाड चादर टांगली. आईला मधल्या खोलीत नेलं. चमचा पुढं केला की म्हातारी डाव्या हातानं भिंतीकडं बोट दाखवी. "बघतात." अगं कोण बघतात? भिंत आहे ती! "बघतात." पाणी, दोन घोट दूध, बस. पाठीचा कणा मोजता येईल इतकी वाळली. डॉक्टर म्हणाले, "हे असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांनी तोंडानं खायला पाहिजे हो."

तेव्हाच ती पोरगी तक्रार घेऊन आपल्या या साहेबांकडं गेली होती. काय उत्तर मिळालं, ते सांगितलंच!

साहेबांच्या दारातून ती रडत नाही निघाली. चिडून निघाली! नव्या गाण्याचा व्हिडिओ करायचा ठरला होता. दिग्दर्शक होते निनाद सर — शहरातले, डोळ्याला काळा चष्मा, पायात गुडघ्यापर्यंत बूट. ते म्हणाले, "मॅडम, कन्सेप्ट तयार आहे. लांबलचक गाडी, सोनं, बंगला, तुम्ही जिन्यावरून उतरताय..."

हर्षला म्हणाली, "सर, गाडी नको. मखर पाहिजे."

"मखर? गणपतीचं गाणं आहे का?"

"नाही. मखरात मला बसवा. तोंडावर गौरीचा मुखवटा घाला, पापणी न हलणारा. लोक माझी आरती करतील. ताटात दिवा नाही — मोबाइल! उजेड पाडून ओवाळतील. मग प्रसाद म्हणून माझ्या साडीचा एकेक धागा ओढून नेतील. ओढता ओढता पदराच्या चिंध्या होतील. आणि समोर दोन रांगा दाखवा. एक लांब — उन्हात, म्हाताऱ्यांची. दुसरी गालिच्यावरची. त्या गालिच्यावरून गॉगल घातलेलं एक कुत्रं दर्शनाला येईल. एकटंच!"

निनाद सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "हे कुत्रं म्हणजे कोण?"

"मीच. एका देवळात गेले होते."

बघा मंडळी! हे बोलायला छाती लागते. दुसऱ्याला कुत्रं म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. स्वतःचं कुत्रं करून पडद्यावर चालवणारी ही एकच!

"आणि शेवट?" सरांनी विचारलं.

"शेवटी माझ्यापुढं नैवेद्याचं ताट येईल. मला भूक लागलेली. पण सगळे बघतायत. मुखवटा काढला तर चेहरा दिसेल, न काढला तर उपाशी मरेन. तिथंच संपवा."

सरांना पटलं. "जबरदस्त! क्लोजअपमध्ये डोळ्यातून पाणी काढू."

चित्रण नांदवणलाच ठरलं, देवळासमोरच्या पटांगणात. सगळं गाव हौसेनं नटून आलं. आईला बंगल्यात कुणापाशी ठेवणार? तिला तर परकं माणूस नको झालेलं. चाकाच्या खुर्चीवर घालून हर्षलानं तिलाही आणलं आणि मखराच्या आत, केळीच्या खांबांमागं बसवलं. तिथून म्हातारीला सगळं दिसे. तिला कुणी बघू शकत नव्हतं.

मखराला लाल पडदा होता. सुरुवातीला पडदा वर सरकतो आणि देवी दिसते, असं सरांनी योजलं होतं. त्या पडद्याची दोरी दिली धुरपताबाईच्या हातात. ही धुरपताबाई म्हणजे शेजारीण, आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मागं बघेल! नैवेद्यही तिनंच रांधला. सर म्हणाले होते, "मावशी, खोटं ताट चालेल. थर्माकोलचं आणलंय."

"थर्माकोलचा नैवेद्य?" धुरपताबाई कडाडली. "तुमच्या घरी चालत असंल! इथं देऊळ समोर हाय!"

मग काय! खापरावरच्या पुरणपोळ्या, आमटी, भात, वर तुपाची धार. सगळं खरं!

चित्रण सुरू झालं. आरती झाली, मोबाइलची. धागे ओढून झाले. कुत्रं गालिच्यावरून ऐटीत गेलं — एकदा मध्येच तंगडी वर केली, पण ते राहू द्या. दुपार कलली. शेवटचा प्रसंग. धुरपताबाईनं ताट आणून मखरापुढं ठेवलं आणि परत दोरीपाशी जाऊन उभी राहिली. हर्षला मुखवट्याआड घामानं भिजलेली. तिचं सगळं लक्ष खांबांमागं. आईनं आज दूधसुद्धा परत लोटलं होतं. मुखवट्याच्या भोकातून तिला ताटाची वाफ दिसत होती आणि डॉक्टरांची नळी आठवत होती.

सर ओरडले, "सगळ्यांनी देवीकडं बघायचं! रोखून बघायचं! आणि आवाज पाहिजे — अरे, कुणीतरी घंटा वाजवा!"

वाजवली कुणीतरी. देवळाचीच घंटा. ठण्ण!

मंडळी, आता मला सांगा. देवापुढं ताट आलं, पानाभोवती पाणी फिरलं, घंटा झाली — पुढं काय होतं? तुम्ही जन्मापासून बघताय. काय होतं? ... हां! मागची मावशी बरोबर बोलली. पडदा!

धुरपताबाईच्या हातानं तिला विचारलंच नाही. दोरी सुटली, सर्रकन लाल पडदा खाली! आणि तिच्या तोंडातून आपसूक निघालं, "नैवेद्य हाय! पाठी करा!"

आणि अख्खं गाव वळलं!

पोरं, बाया, बाप्ये, फेटेवाले, गॉगलवाले — सगळ्यांनी पाठ केली. ज्यांच्या हातात मोबाइल होते त्यांनी ते पालथे जमिनीवर ठेवले. माना खाली, हात जोडलेले. कुत्र्यालासुद्धा कुणीतरी तोंड धरून वळवलं!

सर नाचायला लागले. "कट! कट! अरे, हे काय? इकडं बघा! कॅमेऱ्याकडं बघा!"

कुणी बघेना.

"अरे, ही खरी देवी नाही! हर्षला मॅडम आहेत!"

फेट्यातला एक म्हातारा तसाच पाठमोरा म्हणाला, "असू द्या की. जेवतीया ना? जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत्यात का?"

चूक झाली होती गावाची! नाटकातल्या नैवेद्याला खरा नैवेद्य समजून बसली माणसं. शहाणा माणूस हसेल. हसू द्या. त्या चुकीनं आत काय केलं, ते ऐका.

आत हर्षलानं मुखवटा वर सरकवला. वारा लागला तोंडाला. तिनं खांबांमागं पाहिलं. कौतिकबाई फटीतून बाहेर बघत होती. पटांगणभर पाठीच पाठी. ज्या लोकांचा ती भिंतीआडून धाक धरून होती, तेच लोक — पाठमोरे! एकही डोळा इकडं नाही. चादर टांगून जे झालं नव्हतं ते हेच. चादरीपलीकडं डोळे असतातच, हे म्हातारी ओळखून होती. इथं डोळ्यांनी स्वतःहून तोंड फिरवलं होतं.

किती तरी वेळ बघत राहिली. मग वाकड्या ओठातून शब्द आले, जड, पण स्वच्छ —

"माले भूक लागनी व, माय."

विठ्ठल! विठ्ठल!

हर्षला ताट घेऊन खुर्चीपाशी जमिनीवर बसली. पोळी आमटीत कुस्करली. घास केला. म्हातारीनं तोंड उघडलं. घास आत गेला. थोडा ओघळला. ओघळू दे! दुसरा गेला. तिसऱ्याला म्हातारीनं डावा हात पुढं केला आणि स्वतः घेतला — स्वतः! मग एक घास लेकीच्या तोंडात कोंबला, लहानपणी कोंबायची तसा, नाकाला तूप लागेल असा. आणि आईला आपल्या हातानं जेवताना पहिल्यांदा समोरून बघत, हर्षला हसली का रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

बाहेर सरांचा जीव वर-खाली. "मागचा कॅमेरा! मागून आत घ्या! हीच तर खरी मोमेंट आहे!"

मागच्या कॅमेऱ्यावर अमळनेरचा माणूस होता. तो म्हणाला, "सर, झाकण लावलंय."

"काढ की मग!"

"जेवतायत, सर."

मग सर स्वतःच निघाले पडद्याकडं. धुरपताबाई आडवी! "बूट काढ आधी!"

बूट कसले — गुडघ्यापर्यंत नाड्या! खाली बसले, नाड्या सोडता सोडता पटांगण गप्प झालेलं कानावर आलं त्यांना. आतून वाटीवर बांगडी वाजल्याचा बारीक आवाज आला. एक घोट पाण्याचा आला. माणूस तो, दगड नव्हे! एक बूट हातात, एका पायात मोजा, असे उभे राहिले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं — आणि हळूच त्यांनीही पाठ फिरवली. काळा चष्मासुद्धा काढला!

"झालं का गं जेवण?" धुरपताबाईनं आत न बघता विचारलं.

"थांब ना व!" हे कोण बोललं? हर्षला नव्हे. कौतिकबाई! "भात राहिलाय."

सगळं गाव हसलं. पाठमोरंच हसलं!

ती नळी लागली नाही, मंडळी. डॉक्टरांनी वजनाचा काटा बघितला आणि म्हणाले, औषध कुठलं बदललं? हर्षला काय सांगणार? पटांगण बदललं म्हणून?

आणि व्हिडिओ? पुढच्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं — पडदा पडताना, गाव वळताना. हर्षला म्हणाली, शेवट हाच. कंपनीवाले म्हणाले, "अहो, लोकांना काहीच दिसत नाही! लाल कापड आणि लोकांच्या पाठी! पडद्यामागं कॅमेरा न्यायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "तेवढंच तर दाखवायचं नव्हतं. ते नसेल तर गाणं माझं नाही." अडून बसली. तस्संच लागलं गाणं. शेवटी सूर थांबतो, लाल पडदा, पाठी, आणि आतून बांगडीचा एवढासा आवाज. बस.

त्याच्याखाली लोकांनी भरभरून लिहिलं — पडद्यामागं काय होतं? मॅडम, सांगा ना! एकानं लिहिलं, "आम्ही तुमचे फॅन आहोत, आमचा हक्क आहे!" हर्षलानं कुणाला म्हणजे कुणाला उत्तर दिलं नाही. आता कौतिकबाई नांदवणलाच असते. ओट्यावर बसून जेवते, उघड्यावर, वाकड्या तोंडानं, पोटभर. गल्लीतून जाणारा येणारा तेवढ्यापुरती मान वळवतो आणि चालू लागतो. कुणी शिकवलं नाही, कुणी पाटी लावली नाही.

म्हणजे मंडळी, सवालाचं उत्तर मिळालं. ज्याला सगळे बघतात, त्यालाही हक्क आहे का? अहो, युगानुयुगं ज्याच्या तोंडाकडं बघायला आपण मैलोन्‌मैल चालत जातो, त्यालासुद्धा आपण घास घेताना एकटं सोडतो! मग लकवा झालेल्या बाईला का नाही?

जीव भांड्यात पडला ना तुमचा? माझाही पडला. म्हातारी जेवली, छान झालं! टाळ वाजवा, घरी जा, असं वाटतंय.

थांबा. टाळ खाली ठेवा.

गच्चीवरून टिपणारा एकच होता. एकट्याच्यानं जिल्हाभर फिरतं का काही? त्यानं एकाला पाठवलं, एकानं दहाजणांना. हसरी तोंडं लावून. "बघा, बघा" म्हणून. ते दहाजण कुठं राहतात? धुळ्यातच? नांदवणातच? मघाशी मी खिचडीचं सांगितलं तेव्हा या मंडपात तिघा-चौघांनी एकमेकांकडं बघितलं. मी इथं उंचावर उभा आहे, मला दिसतं सगळं!

तो व्हिडिओ अजून जिवंत आहे. म्हातारी ओट्यावर जेवतेय आणि कुणाच्या तरी खिशात ती अजून उपाशी बसलीये, तोंड वाकडं करून.

साहेबांना विचारायचं ते विचारून झालं. आता तुम्हाला विचारतो. मृदंग थांबवा. पेटी थांबवा. पुढचा शब्द मी बोलणार नाही, पसायदान म्हणणार नाही, आरती लावणार नाही.

काढा मोबाइल. आणि सांगा — कुणाकुणाच्या खिशात आहे कौतिकबाई?